‘तिकडे राहिलं की भाषा येतेच ना?’ : वाचकांचे प्रश्न

परकी भाषा शिकवायची आहे, म्हणून आधी ती जिथे बोलली जाते तिथे काही महिने शिकायला जायचं, असा बेत असलेल्यांचे प्रश्न या वेळी बरेच आले. एकासारखे एक होते ते एकत्र केले आहेत. व्हिसा आणि विम्याचे प्रश्न बाजूला ठेवले. त्यांची उत्तरं देशागणिक वेगळी असतात आणि वर्षागणिक बदलतात. ती वकिलातीच्या संकेतस्थळावरच पाहावीत.

प्रश्न : जर्मनची ए२ परीक्षा नुकतीच झाली. पुढच्या सत्रात जर्मनीला जायची संधी आहे. तिकडे राहिलं की भाषा येतेच ना? मग थांबायचं कशाला?

येते, पण किती आणि कुठली, हे जातानाच्या पातळीवर ठरतं. युरोपात भाषेच्या ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या धरतात. त्यांतली ए२ दुसरी, बी१ तिसरी. ए२वर गेलेल्या माणसाचं दुकानात, बसमध्ये, कचेरीत निभावतं. चार जण गप्पा मारत बसले की मात्र तो गप्प होतो, आणि गप्प बसायचा कंटाळा आला की इंग्रजी बोलणाऱ्या इतर परदेशी विद्यार्थ्यांच्या कोंडाळ्यात जाऊन बसतो. तिथून बाहेर पडेपर्यंत सत्र संपतं. बी१च्या आसपास असलेल्याला गप्पांचा धागा सापडतो. सगळं कळत नाही, पण विषय कळतो, म्हणून तो उठून जात नाही. खरा फरक या बसून राहण्यात आहे.

प्रमाणपत्राच्या भरवशावर राहू नका. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत तर बोलण्याचा भागच नसतो. वरची पातळी मिळवूनही तोंड न उघडणारा विद्यार्थी त्यामुळे सहज निपजतो. घरच्या घरी करता येईल अशी चाचणी सांगतो. दोन माणसांच्या सहज बोलण्याची, आधी लिहून न काढलेली तीन मिनिटांची मुलाखत घ्या आणि एकदाच ऐका. ते कशाबद्दल बोलत होते आणि त्यांचं कुठे पटत नव्हतं, हे सांगता आलं तर निघा. सुटे शब्द ओळखू आले पण मतभेद पकडता आला नाही, तर एक सत्र थांबा.

थांबायचं म्हणजे किती? इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या संस्थेने दिलेला अंदाज, अगदी सुरुवातीपासून धरून, ए२ला १८० ते २०० तास आणि बी१ला ३५० ते ४०० तास असा आहे. मधलं अंतर साधारण दीडशे ते दोनशे तासांचं. आठवड्याला दहा तास दिलेत तर साडेतीन ते पाच महिने. जर्मनसाठी याच्या जवळपासचा हिशेब धरायला हरकत नाही. जपानीसाठी धरू नका. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षणसंस्था आपल्या इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांसाठी स्पॅनिशला ६०० ते ७५० तास धरते आणि जपानीला २२००.

प्रश्न : सहा आठवडे, एक सत्र की पूर्ण वर्ष? घरचे म्हणतात सहा आठवडे पुरेत.

सहा आठवड्यांत एकच काम होतं, तेव्हा एकच ठरवा : कान तयार करणं, किंवा शाळेतले वर्ग पाहणं. ‘जमेल तेवढं सगळं’ असं ठरवून गेलेल्यांचे पहिले दोन आठवडे कागदपत्रांत आणि शेवटचा निरोपांत जातो.

सत्र म्हणजे चौदा ते सोळा आठवडे. एवढ्या काळात बोलण्याचा ओघ बऱ्यापैकी सुधारतो. व्याकरणाची शुद्धता तितकी सुधारत नाही, आणि इथे शिक्षक होणाऱ्याने सावध राहायचं. समोरच्याला अर्थ कळला की तो चुका सांगत बसत नाही, त्यामुळे चुकीचं रूपही सफाईने बोलायची सवय लागते. पुढे वर्गात उभं राहिल्यावर ते तीस मुलांच्या वह्यांत उतरतं. म्हणून सत्रभर आठवड्याला निदान एक पानभर लेखन शिक्षकाकडून लाल शाईने तपासून घ्या. फुकटच्या गप्पांतून हे काम होत नाही.

वर्षाचा फायदा वेगळा. शाळेचं वर्ष पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत पाहायला मिळतं. तेवढा वेळ हातात नसेल तर निदान शाळा सुरू असलेल्या महिन्यांतच जा. जपानी शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, हे न पाहता मार्चमध्ये पोचणाऱ्याला निरोपसमारंभ दिसतात आणि पाठोपाठ सुट्टी.

प्रश्न : कुटुंबात राहावं की वसतिगृहात?

कुटुंबात, पण चौकशी करून. राहण्याची सोय करणाऱ्या संस्थेला चार गोष्टी लेखी विचारा. त्या घरात याच काळात आणखी किती परदेशी विद्यार्थी असतील? आठवड्यात किती जेवणं सगळे एकत्र बसून घेतात? दिवसा घरी कोण असतं? घरात आपसात कोणती भाषा बोलतात? चौथा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, आणि फसगत नेमकी तिथेच होते.

चांगलं घर मिळालं तरी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक अडचण येते, तिच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. बोलणं रोज तेच होऊ लागतं : दिवस कसा गेला, उद्या किती वाजता निघणार, पाऊस आहे का. एवढ्यापुरते दोनशे-अडीचशे शब्द पुरतात आणि गाडी तिथेच अडते. यावर उपाय म्हणजे विषय तुम्ही घेऊन जायचा. ‘तुम्ही शाळेत असताना शिक्षा कशी करायचे?’ असं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. भूतकाळाची सगळी रूपं एका बैठकीत ऐकायला मिळतात, आणि भावी शिक्षकाला विषयही कामाचा असतो.

प्रश्न : मी त्यांच्या भाषेत बोलायला सुरुवात करते आणि समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. अपमान झाल्यासारखं वाटतं.

अपमान नसतो, घाई असते. माणूस भाषा बदलतो ती पहिल्या वाक्यातल्या अडखळण्यावरून. पाचव्या वाक्यापर्यंत तो थांबतच नाही. म्हणून कुठेही जाताना पहिली दोन वाक्यं तोंडात घोळवून तयार ठेवा, अगदी पाठ. समोरच्याने तरी भाषा बदललीच, तर तुम्ही बदलू नका. आपलं पुढचं वाक्य त्याच्याच भाषेत म्हणा. बहुतेक वेळा तो परत येतो. नाही आला तर ‘मी भाषा शिकतेय, शिक्षिका व्हायचंय’ हे एक वाक्य पुरतं. शिक्षक हा शब्द बहुतेक ठिकाणी काम करून जातो. मात्र मागे रांग लागलेली असताना काउंटरवर हा प्रयोग करू नये. ग्रंथालयात किंवा दुपारच्या निवांत दुकानात करावा.

प्रश्न : स्थानिक मित्र होत नाहीत. वर्ग संपला की सगळे आपापल्या घरी.

मैत्री ठरवून होत नाही, पण ठरलेला वार आणि ठरलेलं काम असलं की होते. समूहगानाचा सराव, एखादा सांघिक खेळ, ग्रंथालयातलं स्वयंसेवेचं काम यांत दर आठवड्याला तीच माणसं भेटतात, आणि बोलायला विषय शोधावा लागत नाही, कारण काम समोर असतं. जर्मनीत ‘फेराइन’ म्हणजे नोंदणीकृत मंडळांचं जाळं गावागावांत आहे, आणि ‘फोल्क्सहोखशूलं’ या प्रौढशिक्षण केंद्रांत हस्तकलेपासून नृत्यापर्यंत वर्ग असतात. तिथे भाषेच्या वर्गाला नाव घालू नका. त्या वर्गात पुन्हा परदेशीच भेटतील. सुतारकामाला घाला.

भाषांची अदलाबदल, म्हणजे तू मला तुझी शिकव, मी तुला माझी, हीसुद्धा उपयोगी आहे. फक्त घड्याळ लावा. साठ मिनिटांतली तीस एका भाषेची, तीस दुसरीची. घड्याळ नसेल तर दोघांना जी जास्त सोपी, ती भाषा सगळा तास खाते. आणि चुका तिथल्या तिथे सांगायच्या नाहीत : ऐकणाऱ्याने कागदावर टिपायच्या आणि शेवटी फक्त पाच सांगायच्या. पंधरा सांगितल्या की पुढच्या आठवड्यात समोरचा येत नाही.

प्रश्न : रोजची नोंदवही ठेवायला सांगतात. मी ठेवते, पण ती डायरीसारखी होते. वर्गात शिकवताना उपयोग होईल अशी कशी ठेवावी?

फार चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर लांब आहे.

‘आज खूप शिकायला मिळालं’ या वाक्याचा दोन वर्षांनी काहीच उपयोग नसतो. पानावर चार रकाने आखा. पहिल्यात ऐकलेलं वाक्य, जसंच्या तसं. दुसऱ्यात कोण कोणाला म्हणालं : वय, नातं, हुद्दा. तिसऱ्यात कुठे आणि कशानंतर. चौथ्यात त्या जागी मी काय म्हटलं असतं. शिकवण्याचा माल चौथ्या रकान्यात तयार होतो, कारण उद्या तुमचा विद्यार्थी तेच म्हणणार असतो. दिवसाला पाच नोंदी पुरेत. आठवड्याचे सहा दिवस धरले तर चौदा आठवड्यांत ४२० होतात. दिवसाला वीस ठरवणारे दहाव्या दिवशी वही बंद करतात.

एक नोंद जवळून पाहू. घरातली मुलगी आवरत नाहीये. आई विचारते, ‘कॉम्स्ट डू निष्ट?’ म्हणजे ‘तू येत नाहीस?’ मुलगी म्हणते, ‘डॉख!’ चौथ्या रकान्यात तुम्ही लिहिता, ‘मी या म्हटलं असतं.’ जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे हो. पण नकारार्थी प्रश्न खोडून काढायला जर्मनमध्ये वेगळा शब्द आहे, तो ‘डॉख’. फ्रेंचमध्ये त्याच जागी ‘वी’ (म्हणजे हो) जाऊन ‘सी’ येतो. मराठीत काय येतं? ‘येणार नाहीस?’ ‘येणार की!’ आपला ‘की’ हेच काम करतो. हे लक्षात आलं की मराठी मुलांना ‘डॉख’ शिकवायला पाच मिनिटं लागतात. पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजी स्पष्टीकरणातून शिकवायला अर्धा तास जातो आणि तरी डोळे कोरेच राहतात.

आता तोच प्रश्न जपानीत. ‘इकानाइ नो?’ म्हणजे ‘जाणार नाही का?’ जपानी माणूस ‘हाइ’ म्हणजे ‘हो’ म्हणाला तर अर्थ होतो ‘बरोबर, नाही जाणार’. मराठीतही ‘हो, नाही जाणार’ असं आपण सहज म्हणतो, त्यामुळे इथे आपला विद्यार्थी चुकत नाही. त्याला अडखळायला होतं ते इंग्रजीत. कुठली चूक कुठल्या भाषेत होणार आणि कुठे होणारच नाही, हे सांगणारी वही दुकानात विकत मिळत नाही.

बोलणं ध्वनिमुद्रित करायचं असेल तर आधी विचारा, नंतर नाही. युरोपीय संघात मे २०१८पासून व्यक्तिगत माहितीबद्दलचे नियम कडक आहेत. शाळेतल्या मुलांचा आवाज किंवा छायाचित्र पालक आणि शाळा यांच्या लेखी परवानगीशिवाय घेऊच नये, मग देश कोणताही असो.

प्रश्न : माझे उच्चार आता पक्के झाले आहेत. तिकडे राहून सुधारतील का?

आपोआप नाही. पण मराठी बोलणाऱ्याकडे अशा काही गोष्टी आधीपासून असतात, ज्या त्याने इंग्रजीतून शिकताना विनाकारण गमावलेल्या असतात. फ्रेंच आणि स्पॅनिशमधला ‘त’ दंत्य आहे, आपल्या ‘ताट’मधल्या पहिल्या अक्षरासारखा, आणि त्यात हवेचा झोतही नाही. इंग्रजीच्या सवयीने लोक तिथे ‘ट’ लावतात. जर्मन ‘त्साइट’मधलं पहिलं व्यंजन म्हणजे आपल्या ‘चमचा’तला ‘च’. जपानी ‘त्सु’साठी ‘चुना’ म्हणून पाहा. पहिलं अक्षर जवळजवळ तेच.

अवघड काय आहे? फ्रेंच ‘तू’मधला स्वर, जो ऊ नाही. आरशासमोर ‘ई’ म्हणा, जीभ जागची हलवू नका, फक्त ओठ गोल करा. ओठांबरोबर जीभही मागे जाते आणि उच्चार फसतो. जीभ खालच्या दातांना टेकवून ठेवली की जमतो. जपानीत अडचण स्वरांच्या लांबीची. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू किंवा मध्यमवयीन बाई, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. मराठी कानाला दोन्ही ‘आ’च वाटतात. टाळ्या वाजवून मोजा : पहिल्यात चार, दुसऱ्यात पाच. शेवटच्या ‘न’चीही एक टाळी धरायची.

पद्धत अशी ठेवा. जाण्याच्या आधीच्या आठवड्यात दीड मिनिटाचा एक उतारा वाचून ध्वनिमुद्रित करा. दर चौथ्या आठवड्याला तोच उतारा पुन्हा. दोन आठवड्यांना एकच उच्चार हाती घ्या. सगळे एकदम सुधारायला गेलं की बोलणंच अडखळतं. आणि मूळ भाषकासारखं बोलता आलं पाहिजे हा हट्ट सोडा. युरोप परिषदेने २००१ साली आखलेल्या भाषापातळ्यांची पुरवणी २०२०मध्ये पक्की केली, तेव्हा वर्णनांतून ‘मूळ भाषक’ हा मापदंड काढून टाकला. समजायला सोपं आणि अर्थ न बिघडवणारं बोलणं, एवढं शिक्षकाला पुरतं.

प्रश्न : तिथल्या शाळेत वर्ग पाहायचे आहेत. परवानगी कशी मिळवावी आणि पाहायचं तरी काय?

परवानगीसाठी पोचण्याच्या आठ ते दहा आठवडे आधी पत्र टाका, आणि शक्यतो तुम्हाला बोलावणाऱ्या विद्यापीठाच्या अध्यापन विभागामार्फत. अनोळखी माणसाचं थेट आलेलं पत्र शाळा बाजूला ठेवतात, आणि तेच बरोबर आहे. पत्रात तीन गोष्टी असाव्यात : किती दिवस, कोणत्या इयत्ता, आणि वर्गात काही बोलणार की नुसतं बसणार. पुष्कळ देशांत मुलांच्या संपर्कात येणाऱ्याला पोलिसांचा दाखला लागतो. स्वतःच्या देशातला दाखला निघण्यापूर्वीच काढून, भाषांतर करून बरोबर न्या. तिकडून मागवायला गेलात तर सत्र उलटतं. जर्मनीत वर्गनिरीक्षणाला ‘होस्पिटात्सिओन’ म्हणतात. हा शब्द पत्राच्या विषयात घातला की ते योग्य टेबलावर जातं.

पाहायचं काय? पहिल्या तासाला फक्त बैठकीचा नकाशा काढा आणि कोण किती वेळा बोललं त्या रेघा ओढा. दुसऱ्या तासाला घड्याळ. शिक्षक प्रश्न विचारून किती सेकंद थांबतात? मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात. परक्या भाषेच्या वर्गात तर मुलाला आधी प्रश्न कळायलाच दोन सेकंद लागतात.

तिसऱ्या तासाला चुका पाहा. मूल चुकीचं बोललं की शिक्षक काय करतात? सर्वांत जास्त वापरात असलेली रीत म्हणजे मुलाचं वाक्य दुरुस्त करून स्वतःच म्हणून टाकायचं आणि पुढे जायचं. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांवर लिस्टर आणि रांता यांनी १९९७ साली केलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक दुरुस्त्या या प्रकारच्या होत्या, आणि त्यांतल्या साधारण ३१ टक्क्यांनाच मुलांकडून काही प्रतिसाद आला. बाकीच्यांना कदाचित वाटलं असेल, बाई आपल्याशी सहमत आहेत. याउलट ‘पुन्हा सांग’ किंवा ‘काल झालं ना? मग क्रियापद?’ असं विचारल्यावर मूल स्वतः दुरुस्त करतं. कोणती रीत किती वेळा, आणि तिच्यानंतर मूल काय बोललं, एवढंच टिपा.

दिसलं त्याचा अर्थ लावायची घाई करू नका. जर्मन वर्गात हात भराभर वर होतात म्हणून ‘इथली मुलं धीट’ असा शेरा लिहून मोकळं होणारे खूप असतात. तिथे वर्गातल्या तोंडी सहभागाला गुण असतात, हे विचारल्याशिवाय कळत नाही. गुणपत्रिका पाहतानाही तेच : जर्मनीत १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे सर्वांत वाईट, तर फ्रान्समध्ये गुण २० पैकी. ‘या मुलाला ६ मिळाले, वा!’ असं वर्गशिक्षकासमोर म्हणण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

शिकवायचीच इच्छा असेल तर सहायकाच्या योजना पाहा. फ्रान्समधल्या परदेशी भाषासहायकांना शाळांत साधारणपणे आठवड्याला बारा तास काम असतं. जपानची १९८७ साली सुरू झालेली जेट योजना स्थानिक शिक्षकाबरोबर जोडीने वर्ग घेणारे सहायक नेमते. पात्रता नागरिकत्वावर ठरते, ती अर्ज करण्याआधी बघा. दोन्हींकडे तुम्ही मुलांना शिकवता ती त्या देशाची भाषा नव्हे, परकी भाषा. त्यांची भाषा शिकायची ती शिक्षकखोलीत आणि बाहेर.

प्रश्न : संस्कृती समजून घ्यायची म्हणजे नक्की काय करायचं? सण, पोशाख, नमस्काराच्या पद्धती यांची यादी माझ्याकडे आहे.

यादी फाडू नका, पण वर्गात ती पहिल्याच तासाला संपते. त्यापेक्षा एक सवय लावून घ्या : खटकलेला प्रसंग तीन परिच्छेदांत लिहायचा. पहिल्यात फक्त काय दिसलं आणि ऐकू आलं. दुसऱ्यात त्याचे निदान तीन संभाव्य अर्थ. तिसऱ्यात आपल्याला काय वाटलं. मग तोच प्रसंग वेगवेगळ्या वयाच्या तीन स्थानिक माणसांना सांगून त्यांचा अर्थ विचारायचा. तिघांचं पटत नाही, हे बहुतेक वेळा दिसतं, आणि ‘ते लोक असेच’ हे वाक्य लिहायचा धीर होत नाही.

जपानीतलं उदाहरण घ्या. शनिवारी येणार का, असं विचारल्यावर समोरचा म्हणतो, ‘दोयोबी वा चोत्तो…’, म्हणजे शब्दशः ‘शनिवार जरा…’, आणि वाक्य तिथेच लोंबकळतं. विद्यार्थी पुढचं वाक्य ऐकायला थांबतो. पुढे काही येत नाही. तो नकार होऊन गेलेला असतो. घुमवून बोलतात, असा शेरा मारण्याआधी मराठीतलं ‘बघू’ आठवा. ‘बघू’ म्हणणारा खरोखर काही बघणार आहे असं आपण धरत नाही. तसंच बोलणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला जपानी श्रोता ‘हाइ, हाइ’ म्हणतो ती संमती नसते, ते ‘ऐकतोय’ असतं. याला आपल्याकडे हुंकार देणं म्हणतात. स्वतःच्या भाषेत आधीच असलेलं शोधून काढलं की परकं विचित्र वाटायचं थांबतं, आणि मुलांना शिकवायला दारही तेच. जिथे असं जुळणारं सापडत नाही तिथे ओढूनताणून जुळवू नका. सरळ सांगा की हे नवीन आहे.

प्रश्न : तिसऱ्या महिन्यात काहीच नको वाटतं. परत यावं का?

दिवसभर परकी भाषा ऐकून मेंदू खरोखर थकतो. संध्याकाळी येणारी भाषा येईनाशी होते ती त्यामुळे. दिवसातला एक तास मुद्दाम भाषामुक्त ठेवा : चाला, पोहा, झोपा. स्वतःच्या माणसांशी फोन रोज नको, आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी. १९५५ साली लिसगार्ड या संशोधकाने अमेरिकेत शिकून आलेल्या नॉर्वेच्या दोनशे जणांच्या मुलाखतींवरून आधी बरं, मग खाली, मग पुन्हा वर असा मनःस्थितीचा आलेख मांडला. तो पुढे इतका गाजला की प्रत्येक जण आपली घसरण कधी येणार याची वाट पाहू लागला. नंतरच्या अभ्यासांत तो सगळ्यांना लागू पडत नाही असं दिसलं आहे. पण झोप, जेवण आणि वर्ग तिन्ही सलग दोन आठवडे सुटत असतील, तर आलेखाकडे बघत बसू नका, विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा.

प्रश्न : स्पॅनिश शिकवणार आहे. स्पेन की लॅटिन अमेरिका?

तुमचे विद्यार्थी पुढे कोणाशी बोलणार आहेत, त्यावर ठरवा. स्पेनमध्ये आपसातल्या ‘तुम्ही लोक’साठी ‘बोसोत्रोस’ आणि त्याची स्वतंत्र क्रियापदरूपं आहेत. लॅटिन अमेरिकेत सगळीकडे ‘उस्तेदेस’. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’. एकीकडे राहा, पण दुसरीकडची रूपं ओळखता आलीच पाहिजेत, नाहीतर विद्यार्थ्याचं बरोबर उत्तर चूक म्हणून कापाल.

प्रश्न : तिकडचे तास माझ्या अध्यापन पदवीत धरतील का?

निघण्यापूर्वी लेखी मंजुरी घेतली असेल तरच. युरोपात पूर्ण वर्षाला ६० श्रेयांक (क्रेडिट) असतात आणि एक श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम, तासांची संख्या आणि गुणपद्धतीचा खुलासा तिथे असतानाच शिक्क्यासह घ्या. शाळेतल्या निरीक्षणाचे दिवस सरावपाठात आपोआप धरले जात नाहीत. त्यासाठी शाळेचं सही-तारखेचं हजेरीपत्रक वेगळं लागतं.

प्रश्न : परत येताना सामान काय आणावं?

पुस्तकं कमी, कागद जास्त. शाळेच्या सूचना, वेळापत्रकं, कोरे अर्ज, ग्रंथालयाचे नियम, कचरा कधी ठेवायचा याचं पत्रक, बसची तिकिटं. दोन-दोन प्रती, एक वापरायला आणि एक जपायला. पालकांना आलेल्या एका सूचनापत्रावर पूर्ण तास घेता येतो. आधी फक्त तारखा आणि वेळा शोधायच्या, मग काय आणायचं आणि काय आणायचं नाही ते. त्यानंतर ‘कृपया’चं काम कोणत्या शब्दाने केलंय ते पाहायचं, आणि शेवटी तसंच पत्र मुलांनी आपल्या सहलीसाठी लिहायचं. सूचनेतली नावं आणि फोन नंबर काळ्या शाईने झाकायला विसरू नका.

आणि आल्यावर पहिल्या महिन्यातच नोंदवहीतल्या ४२० नोंदींमधल्या साठ निवडून विषयवार लावा. नंतर वाक्य वाचता येतं, पण ते कुठल्या सुरात म्हटलं होतं ते आठवत नाही.